नववं कारण

पोतनिसांच्या बाल्कनीत बारा शंकू ओळीने मांडून ठेवले होते आणि बाराही चिकट होते. जितेंद्र पोतनीस रोज सकाळी चहाआधी बाहेर जायचा, पहिल्या शंकूच्या बुडाला बोट लावायचा, बोट सुटताना चट् असा आवाज यायचा, आणि मग रॉकेलच्या फडक्याला बोट पुसत तो आत यायचा. आठवडाभरात त्या बुडावर त्याच्या बोटांचे इतके ठसे उमटले होते की ते खरेदीखत वाटावं.

शंकू म्हणजे ऑर्गोनाइट. अर्धं रेझिन, म्हणजे ओतल्यावर गोठणारं पातळ प्लास्टिक, अर्धा स्टीलचा कीस आणि मधोमध स्फटिकाचा एक खडा. हे सगळं एकत्र गोठलं की आजूबाजूची वाईट ऊर्जा त्यात शिरते आणि चांगली होऊन बाहेर पडते, असं दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन सांगत. हंसाबेननी याचा दोन दिवसांचा कोर्स केला होता आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र होतं, लॅमिनेट केलेलं.

गरज टॉवरमुळे पडली. सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या इमारतीच्या गच्चीवर त्या पावसाळ्यात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. निम्म्या लोकांना टॉवर हवा होता, कारण मेंटेनन्स कमी होणार होता. उरलेल्यांना नको होता, कारण डोकी दुखणार होती. हंसाबेननी तोडगा काढला: टॉवरभोवती आठ दिशांना तीन-तीन, असे चोवीस शंकू घटस्थापनेच्या दिवशी मांडायचे. मग टॉवरही राहील आणि डोकीही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी नीरजने विचारलं, "बनाएगा कौन?" आणि जितेंद्रने हात वर केला. सात वर्षांत मीटिंगमध्ये त्याने पहिल्यांदाच हात वर केला होता. त्याची बायको मृणालिनी शेजारीच बसली होती. तिने त्या हाताकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

न बोलण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी जितेंद्रने ऑफिसमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि तेव्हापासून तो दुपारी बारापर्यंत पेपर वाचायचा, मग त्याची घडी घालायचा, मग ती घडी आणखी नीट करायचा. त्या दोन वर्षांत त्याने आपणहून बाहेरून काही आणलं असेल तर ते हे रेझिन. गणपती उठल्यावर इमारतीतल्या बायकांकडून त्याने मोठे मोदकाचे साचे गोळा केले. हे साचे आता मोदकाच्या कामाचे राहणार नाहीत, ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही. स्टीलचा कीस भाईंदर पूर्वेला भांड्यांचा कारखाना असलेल्या एका मित्राकडून पिशवी भरून आणला. तो मांडी घालून बसायचा, नाकाला रुमाल बांधायचा, गुणगुणायचा. हे गुणगुणणं मृणालिनीने लग्नानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत ऐकलं होतं, त्यानंतर थेट आता.

मृणालिनी स्वतः चेण्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. पंचवीस वर्षं. रेझिन तिला माहेरच्या माणसासारखं ओळखीचं. पण शंकूंच्या कामात पडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पडली तर ऊर्जेबद्दल बोलावं लागेल, आणि बोलली तर गुणगुणणं थांबेल. ती संध्याकाळी कामावरून यायची, दारात चपला काढायची आणि एवढंच म्हणायची, "वास येतोय."

"आज कमी आहे ना?" जितेंद्र विचारायचा.

"नाही. जास्त आहे."

पण बारा शंकू चिकटच राहिले आणि गुणगुणणं तसंही थांबलं, तेव्हा तिने एका रविवारी तिची निळी वही काढली.

"तुमच्याकडे कृती लिहिलेली आहे का?"

जितेंद्रने हंसाबेननी दिलेला कागद आणून दिला. सायबर कॅफेतून छापून आणलेला. शंकू चिकट राहिल्यास त्याची कारणं त्यात दिली होती, एकूण आठ. हवेत दमटपणा, कीस तेलकट, साचा ओला, हार्डनर कमी, ढवळणं अपुरं, वगैरे. मृणालिनीला आश्चर्य वाटलं. आठही कारणं बरोबर होती. खाली निळ्या शाईने हंसाबेनच्या अक्षरात नववं कारण लिहिलं होतं: 'घर में किसी की शंका.'

ते सोडून तिने पहिल्या कारणापासून सुरुवात केली.

कीस तेलकट होता. तिने तो कपड्यांच्या साबणाने दोनदा धुतला, कोरडा करून तव्यावर गरम केला. साच्यांना आतून साजूक तूप लावलेलं होतं.

"तूप कशाला?"

"मोदक सुटायला लावतात ना."

साच्याच्या फटी बुजवायला भिजवलेली कणीक लावली होती. तिने तूप पुसलं, कणीक खरवडली, फटींना बाहेरून चिकटपट्टी लावली. मग वही उघडून विचारलं, "हार्डनर किती टाकता?"

अर्धा किलो रेझिनबरोबर दुकानदार ते गोठवणाऱ्या हार्डनरची दहा मिलीची छोटी बाटली देत असे. एका वेळी अर्धा किलो, सहा शंकू.

"लिहिलंय तेवढंच," जितेंद्र म्हणाला.

"म्हणजे पूर्ण बाटली."

"हो."

तिने वहीत लिहिलं: हार्डनर, दहा मिली. आणि सोमवारी ती कामावर गेल्यावर जितेंद्रने धुतलेल्या किसात, पुसलेल्या साच्यांत तिसरे सहा शंकू ओतले.

ते आधीच्यांहून वाईट निघाले. पहिले सहा निदान रबरासारखे होते. दुसरे सहा गुळाच्या कच्च्या पाकासारखे. हे तिसरे बुधवारीसुद्धा साचा कलता केला की मधासारखे सावकाश सरकत होते. मृणालिनीने साचा हातात धरून दोनदा कलता करून पाहिला. सगळे दोष काढून टाकल्यावर परिणाम आणखी बिघडतो, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी हंसाबेन आल्या. बाल्कनीत जाऊन डोळे मिटून त्यांनी अठरा शंकूंवरून हात फिरवला. एका शंकूवर पदर चिकटला, तो जितेंद्रने सोडवून दिला.

"जितुभाई, आठ कारण तुमने देख लिये?"

"बघितली. हिनेच बघितली."

"तो फिर बचा कौनसा?" हंसाबेन सोफ्यावर बसल्या आणि मृणालिनीचा हात प्रेमाने हातात घेतला. "खोटू नहीं लगाना, बुरा मत मानना, मृणालिनीबेन. तुम सायन्सवाली हो. शंका तो तुम्हारा धंधा है. माल घर की शंका शोषी लेता है ना, इसलिए गीला रहता है."

"तीन-चार दिवस ही सुलूकडे जाऊन राहिली तर?" जितेंद्र म्हणाला. मग बायकोकडे पाहून घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, हंसाबेन म्हणत होत्या खाली."

आपल्याच घरातून आपल्याला बाहेर काढायचं ठरलेलं आहे आणि ते जिन्यात ठरलं आहे, हे मृणालिनीच्या लक्षात आलं. राग येण्याआधी तिला सवयीने दुसरं काही सुचलं. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, ही रीत तर बरोबर होती. आणि या शंकूंना तिच्याशी काही देणंघेणं नाही, हे सिद्ध करायला याहून स्वच्छ प्रयोग तिला स्वतःलाही मांडता आला नसता.

"जाते," ती म्हणाली. "पण एक अट. मी नसण्याखेरीज काहीही बदलायचं नाही. तेच रेझिन, तोच कीस, तेवढाच हार्डनर, तीच बाल्कनी."

"काहीच बदलणार नाही," जितेंद्र म्हणाला, आणि खाली बघू लागला.

सुलू तिची धाकटी बहीण, भाईंदर पश्चिमेला राहायची. सगळी हकीकत ऐकून सुलू हसून हसून खुर्चीत मागे कलंडली.

"ताई, रेझिन वाळत नाही म्हणून नवऱ्याने घराबाहेर काढलेली तू जगातली पहिलीच असशील!"

"रेझिन वाळत नाही. गोठतं."

"बरं, गोठत नाही म्हणून."

शुक्रवारी संध्याकाळी जितेंद्रचा फोन आला. सुलूने मुद्दाम स्पीकर लावला.

"मृणाल! कडक झाले! सहाच्या सहा! अगं, टणटण वाजतायत. हे ऐक." आणि खरोखरच पलीकडून कशावर तरी काहीतरी आपटल्याचा टणटण आवाज आला. "तासाभरात. वाससुद्धा नाही!"

"काही बदललं होतं?"

पलीकडची टणटण थांबली. "नाही," जितेंद्र म्हणाला.

फोन ठेवल्यावर सुलूने तोंडावर हात ठेवला. "ताई, म्हणजे तू खरंच पनौती आहेस की काय!"

मृणालिनीला हसू आलं नाही. प्रयोग तिने मांडला होता, अट तिने घातली होती, आणि निकाल तिच्याविरुद्ध गेला होता. निकाल आवडला नाही म्हणून प्रयोग चुकीचा म्हणणारी माणसं तिने कारखान्यात पुष्कळ पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल तिचं मत चांगलं नव्हतं.

शनिवारी सकाळी नीरजचा फोन आला. नीरज कोणालाही दुखवत नसे.

"मॅडम, रिझोल्यूशन वगैरे कुछ नहीं है. बस रिक्वेस्ट है. घटस्थापना से दशहरा तक आप उधर ही रह लें तो? नौ-दस दिन. शंकू सेट हो जाएँगे. लोगों के मन में बैठ गया है, आप समझदार हैं."

"आणि दसऱ्यानंतर?"

"उसके बाद देखते हैं, मॅडम."

या 'देखते हैं'चा अर्थ तिला कळला. सात वर्षं राहतं घर, स्वतःच्या नावावर निम्मं, आणि आता एखाद्याच्या घरात पाणी गळलं, कोणाचं पोरगं नापास झालं, लिफ्ट अडकली, तरी बायका जिन्यात तिच्या दाराकडे बघणार. तिने बॅग भरली आणि रिक्षाने घरी आली. आगाऊ कळवलं नाही.

जितेंद्र भाजी आणायला गेला होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बाल्कनीत नव्हे, सहा कडक शंकू ओट्यावर होते. म्हणजे जागा बदलली होती. तिने एक शंकू उचलला, नखाने ओरखडून पाहिला. उत्तम गोठला होता. मग तिने ओट्याखालचं कपाट उघडलं. रिकाम्या बरण्यांच्या मागे हार्डनरच्या चार बाटल्या होत्या. त्यातली एक पूर्ण रिकामी. उरलेल्या तीन रिकाम्या नव्हत्या.

तिने त्या उजेडात ओळीने मांडल्या. पहिली निम्मी भरलेली. दुसरी पाऊण. तिसरीत तर बुचाच्या जरासं खालपर्यंत हार्डनर होता, जेमतेम सात-आठ थेंब कमी. तीन पातळ्या जिन्यासारख्या चढत गेल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला तारखा आठवल्या. पहिल्या खेपेआधी, रेझिनचा डबा उघडला तेव्हा, ती एकदा म्हणाली होती, वास येतोय. दुसऱ्या खेपेआधी रोज. तिसऱ्या खेपेआधी तिने नाकाला पदर लावून जेवण केलं होतं.

जितेंद्र पिशवी घेऊन आत आला, बाटल्या पाहिल्या आणि दारातच थांबला.

"तुम्ही म्हणालात, पूर्ण बाटली," ती म्हणाली.

"तुला वास सहन होत नाही ना. बाटली उघडली की कसा सटकन नाकात जातो. म्हटलं, हेच कमी टाकू."

"मग मला खरं का नाही सांगितलंत?"

"तू वही उघडून बसलीस," जितेंद्र म्हणाला. "वही उघडली की मला बरोबर उत्तरच द्यावंसं वाटतं."

ती खुर्चीवर बसली. "वास हार्डनरचा नाही, अहो. रेझिनचा आहे. ते गोठलं की वास संपतो. तुम्ही हार्डनर कमी टाकलात म्हणून ते गोठलं नाही. गोठलं नाही म्हणून वास येत राहिला. वास आला म्हणून मी बोलले. मी बोलले म्हणून तुम्ही आणखी कमी टाकलात. आणि मी घरात नव्हते तेव्हा पूर्ण बाटली ओतलीत."

जितेंद्रने भाजीची पिशवी खाली ठेवली. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"हे तुला आधीपासून माहीत होतं? वास कशाचा ते?"

"पंचवीस वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिने निळी वही काढली. 'हार्डनर, दहा मिली' या ओळीवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. प्रयोगशाळेत चूक खोडायची तीच पद्धत होती. वर लिहिलं: ऐकलेलं, पाहिलेलं नाही. आणि सही करून तारीख घातली. चूक तिची होती.

"नीरजना सांगाल हे?" तिने विचारलं.

जितेंद्र भाजी निवडायला बसला. मेथीची एकेक काडी.

"काय सांगू? चोवीस शंकू करायला निघालो आणि मला एक बाटली ओतता येत नाही?" तो म्हणाला. "दोन वर्षांत लिफ्टमध्ये कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, मृणाल. आता वॉचमनसुद्धा विचारतो, साहेब, शंकू कुठवर आले?"

तिने हट्ट धरला नाही. "ठीक आहे. घटस्थापनेला मी सुलूकडे जाईन. पण हे अठरा असे ठेवायचे नाहीत. खोटं काम मला घरात बघवत नाही."

दोघं कामाला लागली. तिसऱ्या खेपेचं पातळ रेझिन साच्यातून परत भांड्यात काढलं, बाटलीत उरलेला हार्डनर त्यात घालून ढवळलं आणि पुन्हा ओतलं. दुसऱ्या खेपेच्या पाकाचंही तेच. बाटली जितेंद्रने ओतली; मृणालिनी शेजारी उभी होती, खिडकी उघडी, पंखा चालू, आणि ती एकदाही नाक मुरडत नव्हती, जरी तिला ते फार कठीण जात होतं. पहिल्या खेपेच्या रबरी शंकूंवर तिने नव्या रेझिनचा हात दिला आणि ते दुपारभर गच्चीवर उन्हात ठेवले. त्यातले चार सुधारले. दोन सुधारले नाहीत. ते टाकून नवे दोन केले. या सगळ्या वेळात ती ऑर्गोनाइटवर पूर्वीइतकाच अविश्वास ठेवून होती, आणि रेझिन तिच्यादेखत दगडासारखं होत होतं. तिसऱ्या दिवशी जितेंद्र पुन्हा गुणगुणू लागला.

घटस्थापनेच्या सकाळी गच्चीवर तीसेक माणसं जमली. हंसाबेन होकायंत्र घेऊन दिशा लावत होत्या. मृणालिनी शेवटचे दोन शंकू घेऊन वर आली. तिची बॅग खाली लिफ्टपाशी होती, रिक्षा सांगितलेली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मंदाताईंनी विचारलं, "माझा मोदकाचा साचा कधी मिळणार हो?" आणि जितेंद्र घाईने हातातला शंकू पुसू लागला.

नीरज अदबीने पुढे आला. "मॅडम, आप निकल ही रही थीं ना? बस, ये दो रख देते हैं, फिर..."

"एक मिनिट," जितेंद्र म्हणाला.

तो शंकू घेऊन पुढे आला. "नीरजजी, हार्डनर मैंने कम डाला था. माझी चूक. घरात वास येतो म्हणून कमी टाकला, आणि विचारलं तर खोटं सांगितलं. बाकीचे अठरा याच आठवड्यात केलेत. ही माझ्या शेजारी उभी होती. शंकेसकट. वाजवून बघा."

त्याने शंकू नीरजच्या हातात दिला. नीरजने तो कठड्यावर वाजवला. टण् आवाज आला. लोकांनी हंसाबेनकडे पाहिलं.

हंसाबेननी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्या प्रसन्न होत्या. "तो मैं वही तो बोली! बेन को शंका, इसलिए जितुभाई को डर. डर के कारण हार्डनर कम. कम पडा तो गीला. घर की शंका, माल में! ऊर्जा ऐसे ही तो काम करती है."

आता सगळे मृणालिनीकडे पाहू लागले. तिने ती साखळी मनात एकेक कडी घेऊन तपासली. शंका होती. तिच्यामुळे ती गप्प राहिली होती, फक्त वासाबद्दल बोलली होती. त्याला भीती वाटली होती. हार्डनर कमी पडला होता. कुठे तुटत नव्हती.

"शेवटचं वाक्य सोडून बरोबर आहे," ती म्हणाली.

पण तोवर 'बरोबर आहे' एवढं ऐकूनच टाळ्या पडल्या होत्या. नीरजने लगेच, मॅडमनी स्वतःच मान्य केल्यामुळे त्यांनी कुठे जायची गरज उरलेली नाही, असं जाहीर केलं. चोवीस शंकू मांडले गेले. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. जितेंद्रच धावत जाऊन त्याला परत पाठवून, बॅग घेऊन वर आला.

दुपारी सुलूचा फोन आला. "मग? त्या शंकूंनी काय होणार आता?"

"कडक झालेत," मृणालिनी म्हणाली. "तेवढं मी खात्रीने सांगू शकते."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीकडून बारा शंकूंची मागणी आली. त्यांच्याही गच्चीवर टॉवर येणार होता. जितेंद्रने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, बाटली उघडली, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली आणि ढवळत म्हणाला, "मृणाल, वास येतोय का गं?"

"येतोय," ती आतून म्हणाली. "फार घाण येतोय. अर्ध्या तासात जाईल."